जाळीचं पान

बसा. जिथं आहात तिथंच बसा.

पाठ टेकत असेल तर टेकू द्या. खांदे सैल सोडा. काही घाई बरोबर आली असेल, तर ती दाराशी चपलांजवळ थांबू दे.

एक श्वास आत. सावकाश.

एक श्वास बाहेर. त्याहून सावकाश.

आता एक पान आठवा. पिंपळाचं. लहानपणी वहीत जपून ठेवलेलं. आधी कित्येक दिवस पाण्यात भिजत घातलेलं, मग बोटांनी हलकेच चोळून धुतलेलं. हिरवा गर निघून गेला आहे. उरली आहे फक्त जाळी.

ते पान तळहातावर घ्या. वजन जाणवत नाही. उजेडासमोर धरा.

देठापासून टोकापर्यंत एक ठळक शीर. तिला दोन्ही अंगांनी फुटलेल्या शिरा. त्यांच्यातून आणखी बारीक, केसासारख्या. नीट बघा. या बारीक शिरा फुटतात, पण सहसा एकट्या पडत नाहीत. एक जाऊन दुसरीला मिळते. दुसरी तिसरीला. पानभर इवल्या इवल्या चौकटी झाल्या आहेत.

एका शिरेवर मनातलं बोट ठेवा. चालू लागा. कुठं जायचं ते ठरवू नका.

वाट संपते का, बघा.

थोडा वेळ असेच चालत राहा.

हे पान आता मी माझ्या शहरावर ठेवते. पुण्यावर. मी पेठेत वाढले, म्हणून सुरुवात पेठेतून.

सकाळ आहे. कसब्यातल्या एका बोळात तुम्ही उभे आहात. दोन्ही हात पसरलेत तर बोटं दोन्हीकडच्या भिंतींना लागतील, एवढाच हा बोळ. फरशी ओलसर आहे, नुकताच कुणी सडा घातला आहे. कुठल्याशा खिडकीतून चहात पडलेल्या आल्याचा वास येतो आहे.

ऐका.

ठक्. ठक्. ठक्.

तांबट आळी जागी झाली आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडते आहे आणि एकेका ठोक्यागणिक भांड्यावर एकेक चकचकीत ठिपका उमटतो आहे. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक. याला मठारकाम म्हणतात. एका घागरीवर असे किती ठोके पडतात, ते करणाराही मोजत नसेल.

आवाज कुठून येतो आहे? समोरून? डावीकडून? जरा थांबलात तर पाठीमागूनही. बोळ बोळाला मिळतो, म्हणून आवाजही वळून येतो.

तीन श्वास तो आवाज ऐका.

आता चाला. पुढच्या कोपऱ्यावर डावीकडं वळा. उजवीकडं वळलात तरी चालेल. इथं चुकणं फार महाग पडत नाही. एक वळण चुकलं तर पुढचं सांभाळून घेतं. तुळशीबागेत एका दारानं शिरावं, रामाला हात जोडावेत आणि दुसऱ्या दारानं भलत्याच गल्लीत बाहेर पडावं. लहानपणी मला ही जादूच वाटायची. अजून वाटते.

पत्ता विचारा. दारात बसलेल्या आजी घराचा नंबर सांगत नाहीत. त्या एखादा देव सांगतात. तिथवर जा, म्हणतात, आणि मग विचारा.

ही नावं मनात म्हणा. एकेक नाव, एकेक श्वास.

पासोड्या विठोबा.

सोन्या मारुती.

भिकारदास मारुती.

चिमण्या गणपती.

नागनाथ पार.

प्रत्येक नावापाशी वाटा एकमेकींना भेटतात. भेटतात म्हणून माणसं थांबतात. थांबतात म्हणून नाव पडतं, आणि टिकतं.

अशाच एका चौकात कडेला उभे राहा, हारवाल्याच्या टोपलीजवळ. शेवंतीचा वास घ्या. इथून किती दिशांना जाता येतं, ते बघा.

चौकातून चार.

तिठ्यातून तीन.

आणि जिथं पुढं रस्ताच नाही, तिथून एक. आलात तसे परत.

चार, तीन, एक. एवढंच मोजायचं आहे. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघा अभ्यासकांनी हेच साऱ्या जगासाठी मोजलं आणि २०२० साली मांडलं. कुठल्या काळात वसलेल्या वस्तीत किती वाटा एकमेकींना भेटतात आणि किती टोकं बंद पडतात, हे त्यांनी पाहिलं. अमेरिकेतल्या नव्या वस्त्यांमध्ये बंद टोकं १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढत गेली, मग हळूहळू कमी होऊ लागली. जगाच्या पुष्कळ भागांत मात्र ती अजून वाढताहेत.

हा आकड्यांचा विचार इथंच सोडून द्या. चौकात परत या. शेवंतीपाशी.

पान पुन्हा उजेडात धरा. गर गेला, जाळी राहिली. या गोष्टीपाशी मला थोडं जास्त थांबायचं आहे. तुम्हीही थांबा.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटतं. पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरतं, नारायण पेठेत, शनिवारात, कसब्यात. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात उभे आहेत. भिजताहेत. आणि मग बसतात.

बसणं हा माझ्या आजीचा शब्द. वाडा पडला, असं ती कधी म्हणाली नाही. वाडा बसला. दमलेलं माणूस बसावं तसा.

पाणी उतरतं. मागं चिखल राहतो, गुडघ्याएवढा, कुठं कमरेएवढा. माणसं फावडी घेऊन येतात.

आजी सांगायची, आपलं घर नेमकं कुठं होतं तेच आधी कळेना. सगळीकडं सारखाच चिखल, सारखीच लाकडं. उपसता उपसता फावडं एका फरशीला लागलं. खण्ण वाजलं. ती बोळाची फरशी होती. बोळ सापडला, तेव्हा त्याच्यावरून घर कुठं होतं ते सापडलं.

तो खण्ण आवाज ऐका. चिखलाखालचा.

पुष्कळ कुटुंबं गोखलेनगरला, लोकमान्यनगरला राहायला गेली. पेठेत जिथं वाडे होते तिथं पुढं इमारती आल्या. लिफ्ट आली. खाली गाड्या लावायची जागा आली. बोळ आहे तिथंच आहे, त्याच वळणानं. आजही मी तिथून जाते तेव्हा पाय आपोआप वळतात, जिथं आजीचे वळायचे तिथंच.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आता लकडी पूल ओलांडा. डेक्कनवरून प्रभात रस्त्याला लागा. वर झाडांची सावली, खाली सावलीचे ठिपके. दोन्ही हातांना ओळीनं गल्ल्या, नावांऐवजी नंबर लावलेल्या.

एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहा. दगडी खांबावर पाटी आहे. वर घराचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत, फायनल प्लॉट नंबर अमुक. अक्षरांच्या खाचांत शेवाळ धरलं आहे. त्यावरून बोट फिरवा. गार लागतं.

हा फायनल शब्द कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून नुसता जात होता. मग एकदा त्याचा अर्थ कळला, आणि तेव्हापासून ही पाटी दिसली की मी थांबते.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. पुढं त्या कायद्याखाली इथली, भांबुर्ड्याची, योजना आखली गेली. इथं शेतं होती, वेडीवाकडी, कुणाचं लांब, कुणाचं त्रिकोणी. ती सगळी कागदावर एकत्र मांडली. प्रत्येकाच्या जमिनीतून थोडी थोडी रस्त्यासाठी काढली. उरलेली सरळ रेघांत बसवून ज्याची त्याला परत दिली. परत मिळालेला तुकडा, तो फायनल प्लॉट.

या खांबामागच्या माणसानं थोडी जागा सोडली. शेजारच्यानं सोडली. त्याच्या शेजारच्यानंही. म्हणून तुम्ही आता या सावलीत उभे आहात.

पुढचा श्वास बाहेर जाईल तेव्हा हा शब्द त्याच्याबरोबर जाऊ द्या. सोडणं.

आपण श्वास सोडतो. समोरच्याला वाट सोडतो. रस्त्यासाठी जागा सोडतो.

शब्द एकच आहे.

श्वास सोडा. छाती किती मोकळी होते, ते बघा. पुन्हा एकदा.

आता लांब जायचं आहे. बसमध्ये बसा, खिडकीशी.

१९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं आत आली. २०१७ मध्ये अकरा. २०२१ मध्ये आणखी तेवीस, आणि शहराचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढं गेलं. खिडकीतून पाट्या सरकताहेत. वाघोली, मांजरी, पिसोळी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे. बस थांबते, उसासा टाकते, निघते.

उतरा.

तुमच्यासमोर एक बांध आहे. आत्ताचा नाही, काही वर्षांपूर्वीचा. पाऊस संपून थोडेच दिवस झालेत. दोन्हीकडं ज्वारी कमरेला लागते आहे. बांधावर एक बाभूळ, एक बोर, आणि मधून पायवाट. एका पायापुढं दुसरा पाय ठेवावा लागतो, इतकी अरुंद.

चाला. पायांना दव लागू द्या.

शेतं लांबट पट्ट्यांची आहेत. भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा प्रत्येकाला रस्त्याला लागून तुकडा हवा होता, म्हणून पट्टी उभी कापली गेली. पुढच्या पिढीत आणखी बारीक. पण बांधावरून सगळ्यांची ये-जा आहे. बैल जातो, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते, शाळेची पोरं जातात. वाटेवरून भांडण झालं तर तहसीलदाराकडं जाता येतं. १९६६ च्या महसूल कायद्यात हद्दीवरून वाट मिळण्याचा हक्क लिहून ठेवला आहे. वाट ही मागायची गोष्ट आहे, आणि द्यायची, हे त्या कायद्याला माहीत आहे.

बांधावर थोडं उभे राहा. ज्वारीच्या पानांची सळसळ ऐका.

आता तोच बांध डोळ्यांपुढं ठेवा, आणि वर्षं पुढं जाऊ द्या.

एक पट्टी विकली जाते. एन. ए., म्हणजे बिगरशेती होते. काही वर्षांनी शेजारची, दुसऱ्या कुणाला. मग तिच्या पलीकडची. प्रत्येक पट्टी वेगळ्या वेळी, वेगळ्या हाती. जो घेतो तो आपल्या हद्दीवर भिंत घालतो.

हद्द कुठं होती?

बांधावर.

वाट कुठं होती?

तीही बांधावर.

वाट होती त्याच रेघेवर भिंत उभी राहते.

इथं थांबा. मीही थांबते. हे लिहिताना घशाशी काहीतरी दाटून येतं, आणि ते मला गिळून टाकायचं नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

पान खाली ठेवा. त्याच पिंपळाची एक फांदी बघा. खोडातून फांदी, फांदीतून डहाळी, डहाळीच्या टोकाला पान. एका डहाळीतून शेजारच्या डहाळीकडं जायचं तर मागं यावं लागतं, जाडीकडं, खोडाकडं. पानातली एखादी शीर तुटली तर पाणी शेजारच्या चौकटीतून वळसा घेऊन पुढं जातं. डहाळी मोडली की तिच्या पुढचं सगळं सुकतं.

पान आणि फांदी, दोन्ही एकाच पिंपळाची.

शहर म्हणजे झाड नव्हे, असं क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकारानं १९६५ साली एका निबंधाच्या मथळ्यातच म्हटलं होतं. मी तो मथळा वाचला तेव्हा मला हीच फांदी दिसली.

आता कान द्या. सकाळचे नऊ. मोठ्या रस्त्याला एका अंगानं सोसायट्यांची फाटकं लागली आहेत, एकामागून एक. प्रत्येक फाटकातून गाड्या त्याच एका रस्त्यावर येऊ बघताहेत. हॉर्न. एक मोठा, एक किरटा, एक न थांबणारा. फाटकाशी वॉचमनकाका शिट्टी वाजवताहेत.

त्या आवाजावर चिडू नका. नुसता ऐका. तो या फांदीचा आवाज आहे.

माझी मामेबहीण अशाच एका सोसायटीत राहते, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या गॅलरीत या. कठड्यावर कोपरं टेका.

खाली कुंपणाची भिंत आहे. वर काचा लावल्या आहेत, उन्हात चमकणाऱ्या. भिंतीपलीकडं दुसरी सोसायटी, तिच्यातही तुळशीच्या कुंड्या, तिच्यातही दोरीवर गणवेश वाळताहेत. समोरच्या गॅलरीत बहिणीच्या मुलीची मैत्रीण राहते. एकाच वर्गात आहेत दोघी. हाक मारली की पोचते.

हाक पोचते, मुलगी पोचत नाही. तिला जायचं तर आधी आपलं फाटक, मग मोठा रस्ता, मग फुटपाथ नसलेली कड, मग दुसरं फाटक, मग वहीत नाव. पंचवीस मिनिटं, तीही मोठं माणूस बरोबर असेल तर. म्हणून दोघी संध्याकाळी आपापल्या गॅलरीत येतात. हातवारे करून बोलतात. त्यांनी खुणांची भाषाच तयार केली आहे. डोक्यावर हात ठेवला की गणिताचा गृहपाठ अवघड आहे.

ती भिंत बघा. चिडून बघू नका. तिच्याआड राहणाऱ्यांची भीती खोटी नाही. बहीण म्हणते, इथं मुली खाली खेळतात तेव्हा मला खिडकीत उभं राहावं लागत नाही. तिचं हे सुख मला दिसतं. वीस पावलांवर हात हलवणारी ती पोरही दिसते. दोन्ही एकदम बघता येतात का, प्रयत्न करा.

घाई नाही.

सोसायटीच्या मागच्या बाजूला एक रस्ता आहे. तिकडं चला.

डांबर नवं आहे, रुंद आहे. दिव्यांचे खांबही लागले आहेत. आणि मग एका ओळीत डांबर संपतं, चाकूनं कापावं तसं. पुढं निळे पत्रे. पत्र्यांपुढं कमरेएवढं गाजरगवत, पांढऱ्या फुलांचं. पत्र्यावर रंगवलं आहे, हा आम रस्ता नाही.

विकास आराखड्याच्या कागदावर हा रस्ता थांबत नाही. तो पत्र्यांतून आरपार जातो, पलीकडच्या रस्त्याला मिळतो. इथले लोक याला मिसिंग लिंक म्हणतात. भाजीवालासुद्धा सहज म्हणतो, मिसिंग लिंक झाली की बघा.

रस्त्याच्या मधोमध दोन कुत्री झोपली आहेत. गाडी येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची पोटं वरखाली होताना बघा. त्यांच्या श्वासाबरोबर तुमचा श्वास लावून बघा.

वर.

खाली.

पत्र्यांपलीकडून कुणीतरी बोलत चाललं आहे. शब्द कळत नाहीत. माणूस जवळ आहे.

ऐकत राहा.

आता शेवटची एक जागा. भिंतीच्या कडेनं चाला, जिथं काचा नाहीत तिथवर. एका ठिकाणी दोन विटा निखळल्या आहेत. आपोआप निखळल्या की कुणी काढल्या, कुणी विचारत नाही. खाली एक दगड ठेवला आहे. बसा त्याच्याजवळ.

दगडाच्या वरच्या अंगाला हात लावा. मधोमध गुळगुळीत झाला आहे. कडा खरखरीत आहेत. थोडी ओली माती लागली आहे, चपलेच्या नक्षीची.

दुपारचा एक वाजत आला आहे. या बाजूच्या घरांतलं काम आटपून एक मावशी येतात. त्यांना आता पलीकडची दोन घरं करायची आहेत. फाटकानं गेलं तर अर्धा तास जातो.

खांद्यावरची पिशवी त्या काढतात. आत डबा आहे, हलला की वाजतो. पिशवी भिंतीवर ठेवतात. पदर खोचतात. एक पाय दगडावर.

पलीकडून दुसरा हात वर येतो. हिरव्या बांगड्यांचा. तो आधी पिशवी घेतो, मग पुन्हा वर येतो, रिकामा, उघडा.

तुमचा श्वास कुठं आहे, बघा.

मावशी तो हात धरतात. दगड किंचित डुगडुगतो, आणि स्थिर होतो.